सिमेंटच्या भट्टीला मुभा, आमच्या बॉयलरला मनाई : असे का?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील सायझिंग आणि डाइंगवाल्या बांधवांमध्ये इंधनाचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. ती अशी की, सिमेंटचे बडे कारखाने रोज शेकडो टन पेटकोक जाळतात, त्यांना सरकारची मुभा. आणि आमच्या लहानशा बॉयलरमध्ये त्याच पेटकोकची चार पोती दिसली की नोटीस हाती पडते. हा कायदा फक्त गरिबांसाठीच आहे काय?

तक्रार ऐकायला रास्त वाटते, आणि ती काही अंशी रास्त आहेही. परंतु ती पूर्णपणे खरी नाही. सिमेंटच्या भट्टीत गंधकाचे जे होते ते आमच्या बॉयलरमध्ये होत नाही. हा फरक निसर्गाने केलेला आहे, सरकारने नव्हे. तो नीट समजला तर आपली कोणती मागणी हक्काची आणि कोणती कमजोर, हेही समजेल. म्हणून या सदरात नेहमीचा सुताचा भाव बाजूला ठेवून आम्ही आज गंधकाच्या धुराविषयी लिहीत आहोत.

गंधकाचा धूर म्हणजे काय?

दगडी कोळसा, फर्नेस ऑइल, पेटकोक या सर्वांत कमी-अधिक गंधक असते. इंधन जळते तेव्हा हे गंधकही जळते आणि त्याचा सल्फर डायऑक्साइड नावाचा वायू बनतो. हिशोब सोपा आहे. गंधक हवेतून आपल्या वजनाइतकाच प्राणवायू घेते, म्हणून एक किलो गंधक जळले की दोन किलो सल्फर डायऑक्साइड तयार होतो.

हा वायू कापडवाल्यांना अनोळखी नाही. लोकर आणि रेशीम पांढरे करण्यासाठी पूर्वी बंद खोलीत ओला माल टांगून गंधकाची धुरी देत. तो धूर म्हणजेच सल्फर डायऑक्साइड. त्याने लोकर उजळ होई, पण त्या खोलीत शिरणाऱ्या माणसाला ठसका लागून डोळ्यांतून पाणी येई. दुसरे उदाहरण सल्फर ब्लॅक रंगाचे. या रंगाचे सुती कापड नीट न धुता गोदामात बराच काळ, विशेषतः दमट हवेत, पडून राहिले की ते कमजोर होते आणि हाताने ओढले तरी फाटते. कापडात राहिलेले गंधक हवा आणि ओलावा यांच्यामुळे हळूहळू गंधकाम्ल बनते आणि सुताचा धागा खाऊन टाकते. जे गोदामातल्या थानाचे होते तेच मोठ्या प्रमाणावर आकाशात होते. चिमणीतून निघालेला सल्फर डायऑक्साइड हवेतील ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो. पावसाबरोबर तो झाडांवर, पिकांवर आणि इमारतींवर उतरतो, आणि अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने माणसाच्या फुप्फुसात खोलवर जातो. दम्याच्या रुग्णाला तर या वायूचा थोडासा अंशही पुरेसा असतो.

लंडन शहरात डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाचा धूर आणि धुके एकत्र येऊन पाच दिवस शहरावर बसून राहिले होते. त्या काळात सुमारे चार हजार माणसे नेहमीपेक्षा जास्त दगावली असे तेव्हा मोजले गेले, आणि नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्यानंतर १९५६ साली इंग्लंडला स्वच्छ हवेचा कायदा करावा लागला. तेव्हा हा विषय केवळ पर्यावरणवाल्यांचा शौक आहे असे कोणी समजू नये.

सिमेंट कसे बनते?

सिमेंटचा मुख्य कच्चा माल चुनखडी. तिच्यात थोडी माती, लोहखनिज वगैरे मिसळून पिठासारखी बारीक दळतात. हे पीठ उंच मनोऱ्यातून खाली सोडतात. मनोऱ्यात एकाखाली एक अशी पाच-सहा चक्रीपात्रे असतात. खालून भट्टीचा गरम वायू वर चढतो, वरून थंड पीठ खाली येते, आणि वाटेत पीठ तापत जाते. या मनोऱ्याला प्रीहीटर म्हणतात. त्याच्या तळाशी कॅल्सिनर असतो. तेथे साधारण ९०० अंश सेल्सियसला चुनखडीतील कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. मग हा माल आडव्या, फिरत्या भट्टीत जातो आणि सुमारे १४५० अंशांवर भाजून त्याचे काळसर खडे बनतात. हाच क्लिंकर. क्लिंकरमध्ये थोडे जिप्सम घालून दळले की सिमेंट तयार.

येथे एक बाब ध्यानात ठेवावी. सिमेंटच्या प्रत्येक कारखान्यात भट्टी नसते. सोलापूरजवळ होटगीला आहे तसे काही कारखाने क्लिंकर बाहेरून आणून केवळ दळण्याचे काम करतात. तेथे धुळीचा सवाल असतो, पण भट्टीच्या गंधकाचा नसतो. आपल्या राज्यात भट्टीचे मोठे कारखाने मुख्यतः चंद्रपूर जिल्ह्यात आहेत : गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुस. कारण उघड आहे. चुनखडीही तेथेच आणि दगडी कोळशाच्या खाणीही तेथेच. त्याच जिल्ह्यात औष्णिक वीज केंद्रही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाची क्रमवारी लावली तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्या खालोखाल चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे आले होते. या गुणांत हवा, पाणी, जमीन सर्व मोजले होते, आणि दोष एकट्या सिमेंटचा नव्हता. पण तेथील माणसाचा श्वास कोणत्या चिमणीने कोंडला याची वाटणी त्याच्या फुप्फुसाला करता येत नाही.

चुन्याची करामत

आता मूळ सवालाकडे येऊ. पेटकोक म्हणजे तेल शुद्धीकरण कारखान्यात तेलाचा सर्व अर्क काढून घेतल्यावर उरलेला काळा कोळसा. त्याला उष्णता भरपूर, किलोमागे साधारण ८००० किलोकॅलरी. आपल्या देशी कोळशाची उष्णता बरेचदा याच्या निम्मी असते. राखही पेटकोकमध्ये नगण्य. म्हणून तो परवडतो. ऐब एकच, गंधक. देशी कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का, तर पेटकोकमध्ये पाच-सात टक्के.

एक ढोबळ हिशोब मांडू. समजा एका भट्टीत दररोज ५००० टन क्लिंकर निघतो. एक किलो क्लिंकरला सुमारे ७५० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे पूर्ण इंधन पेटकोक धरले तर रोज साधारण ४७० टन पेटकोक जळेल. त्यात सहा टक्के गंधक धरले तर ते २८ टन झाले, आणि त्याचा सल्फर डायऑक्साइड ५६ टन. रोजचे ५६ टन! हा सगळा वायू चिमणीतून बाहेर पडला असता तर आसपासच्या गावांत राहणे मुश्कील झाले असते.

पण तो सगळा बाहेर पडत नाही. कारण भट्टीत आणि कॅल्सिनरमध्ये शेकडो टन ताजा, तापलेला, पिठासारखा बारीक चुना वायूबरोबर घुसळत असतो. सल्फर डायऑक्साइड हा आम्लधर्मी वायू, आणि चुना त्याचा जन्माचा वैरी. समोर आला की चुना त्याला पकडतो. त्याचे कॅल्शियम सल्फेट बनते. काही गंधक कच्च्या मालातील सोडियम-पोटॅशियमसारख्या क्षारांशी जुळते. हे सर्व क्लिंकरबरोबर भट्टीतून बाहेर येते आणि सिमेंटच्या गोणीत बंद होते. सिमेंटमध्ये पुढे जिप्सम घालावेच लागते, आणि जिप्सम हेसुद्धा कॅल्शियम सल्फेटच. म्हणजे इंधनातील गंधक मालात खपून जाते. भट्टी ठीक चालली तर त्याचा अगदी लहान हिस्साच चिमणीपर्यंत पोहोचतो.

याच कारणामुळे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी उत्तर प्रदेश, हरयाणा व राजस्थानात पेटकोक आणि फर्नेस ऑइलवर बंदी घातली, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिमेंट उद्योगाला पेटकोकची सूट दिली. पुढे २०१८ साली पेटकोकच्या आयातीवर बंधन आले. तेव्हाही सिमेंट, चुनाभट्टी, कॅल्शियम कार्बाइड अशा मोजक्या उद्योगांनाच मुभा राहिली. या यादीत चुनाभट्टी आहे ही गोष्ट लक्षात घ्यावी. सूट श्रीमंतीला मिळालेली नाही, चुन्याला मिळालेली आहे.

मग सिमेंटच्या चिमणीतून हा वायू निघतो कसा?

इतके वाचून कोणी म्हणेल की मग सिमेंटवाले या बाबतीत अगदी पाक-साफ आहेत. तसे नाही. तीन वाटांनी गंधक निसटते.

पहिली वाट चुनखडीतून. काही खाणींतील चुनखडीत पायराइट नावाचे खनिज असते, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचा संयोग. हे पीठ मनोऱ्यातून खाली येताना साधारण ३०० ते ६०० अंशांतच पायराइट जळू लागते आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो. पण एवढ्या उष्णतेवर चुनखडीचा चुना झालेला नसतो. चुना तळाशी, चोर माथ्यावर! पकडणारा पोहोचण्याआधीच वायू वरच्या वर निघून जातो. म्हणून सिमेंटच्या कारखान्यात गंधकाचा खरा उपद्रव इंधनापेक्षा चुनखडीच्या जातीवर जास्त अवलंबून असतो. पेटकोक जाळणारा एखादा कारखाना अगदी कमी वायू सोडतो, आणि साधा कोळसा जाळणारा दुसरा पुष्कळ सोडतो, त्याचे रहस्य हेच.

दुसरी वाट म्हणजे निष्काळजी ज्वलन. भट्टीत हवा कमी पडली की इंधन अर्धवट जळते आणि चुन्याने पकडून ठेवलेले गंधकही पुन्हा सुटते. सुटलेले गंधक मनोऱ्यात वर जाऊन थंड जागी चिकटते आणि चक्रीपात्रांत थर जमवते. कधी वाटच बंद होते आणि भट्टी थांबवावी लागते. म्हणजे येथे मालकाचा नफा आणि गावाची हवा एकाच बाजूला आहेत. ज्वलन ठीक ठेवणे दोघांच्याही फायद्याचे.

तिसरी वाट म्हणजे रॉ मिल बंद असण्याची वेळ. मनोऱ्यातून निघालेला वायू चिमणीकडे जाण्यापूर्वी कच्चा माल दळण्याच्या चक्कीतून फिरवतात, कारण त्या उष्णतेने माल वाळतो. त्या वेळी ओलसर, ताज्या दळलेल्या चुनखडीत बराचसा सल्फर डायऑक्साइड अडकतो. पण ही चक्की दुरुस्तीसाठी थांबली आणि भट्टी चालूच राहिली की वायू सरळ चिमणीकडे जातो आणि आकडा वर चढतो. म्हणून कारखान्याचे दाखवण्याचे आकडे पाहताना चक्की चालू होती की बंद, हे जरूर विचारावे.

बंदोबस्ताचे उपाय

सर्वात स्वस्त उपाय खाणीत आहे. ज्या थरात पायराइट जास्त तो थर वेगळा काढणे किंवा चांगल्या चुनखडीत बेताने मिसळणे. यासाठी मालाची तपासणी सतत करावी लागते. दुसरा उपाय भट्टी सुरळीत ठेवण्याचा : हवा पुरेशी, गंधक आणि क्षार यांचे प्रमाण सांभाळलेले, चक्की शक्यतो भट्टीबरोबर चालू.

एवढ्याने भागले नाही तर विझवलेल्या चुन्याची भुकटी मनोऱ्याच्या वरच्या भागात किंवा वायूच्या नळात फवारतात. जेथे चोर आहे तेथेच शिपाई नेऊन उभा करण्याचा हा प्रकार. यंत्राचा खर्च कमी, पण चुन्याचा खर्च रोजचा. काही ठिकाणी कॅल्सिनरमधील चुना मिसळलेला थोडा गरम वायू काढून मनोऱ्याच्या माथ्यावर सोडतात. तेथे बाहेरून चुना विकत घ्यावा लागत नाही, घरचाच वापरला जातो.

चुनखडीच फार वाईट असेल तर मात्र ओला स्क्रबर बसवावा लागतो. उंच टाकीत चुनखडीचे पाणी वरून फवारतात आणि वायू खालून वर जातो. नव्वद टक्क्यांहून अधिक सल्फर डायऑक्साइड धुऊन निघतो. धुतल्यावर जे उरते ते जिप्सम, आणि सिमेंटच्या कारखान्याला जिप्सम हवेच असते. वीज केंद्राला या जिप्समसाठी गिऱ्हाईक शोधावे लागते, सिमेंटवाल्याचे गिऱ्हाईक घरातच आहे. तरीही यंत्र महाग, पाणी आणि वीजही लागते. म्हणून हा उपाय शेवटी येतो.

एक उपाय आपल्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात आहे. धूर क्लिंकर भाजताना निघतो, दळताना नाही. ज्या सिमेंटमध्ये क्लिंकर कमी, त्याच्या गोणीमागे धूर कमी. आपण ज्याला पीपीसी म्हणतो त्यात १५ ते ३५ टक्के उडती राख असते, आणि स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्याची मळी २५ ते ७० टक्क्यांपर्यंत असते. सिमेंटवरचे सरकारी नियंत्रण १९८९ साली पूर्ण उठले. त्याआधी परमिटवर जे मिळेल ते घ्यावे लागे. आज पसंती आपली आहे. दुकान, घर, मदरशाची इमारत बांधताना आपल्या इंजिनिअरचा मशवरा घेऊन, जेथे चालेल तेथे असे सिमेंट मागावे. पाणी मारण्याचे दिवस मात्र पूर्ण भरावेत.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने २०१४ आणि २०१६ साली सिमेंट कारखान्यांसाठी नवी मानके काढली. त्यांत सल्फर डायऑक्साइडची मर्यादा चुनखडीतील पायराइटच्या गंधकावर ठरवली आहे. हे गंधक ०.२५ टक्क्यांहून कमी असेल तर चिमणीच्या वायूत दर घनमीटरला १०० मिलिग्रॅम, ०.२५ ते ०.५ टक्के असेल तर ७००, आणि त्याहून जास्त असेल तर १००० मिलिग्रॅम.

वर मांडलेल्या ५००० टनांच्या भट्टीचाच हिशोब पुढे नेऊ. किलोभर क्लिंकरमागे साधारण दोन घनमीटर वायू निघतो असे धरले तर दिवसाला एक कोटी घनमीटर झाला. १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत त्यात एक टन सल्फर डायऑक्साइड बसतो, आणि १००० च्या मर्यादेत दहा टन. जो ५६ टन निघू शकला असता त्याच्या मानाने दोन्ही आकडे लहान आहेत. पण एक आणि दहा यांत दहापट फरक आहे, हे त्या चिमणीखाली राहणाऱ्याला कोणी सांगायला नको.

आमच्यासारख्यांच्या बॉयलरसाठी २०१८ साली मानक आले. घन इंधनावर चालणाऱ्या औद्योगिक बॉयलरला सल्फर डायऑक्साइडची मर्यादा दर घनमीटरला ६०० मिलिग्रॅम.

आता तक्रारीत जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे. सिमेंटवाल्याची चुनखडी खराब असेल तर कायदा त्याची मर्यादा वाढवतो. आमच्या वाट्याला आलेला कोळसा खराब असेल तर आमची मर्यादा वाढत नाही. वीज केंद्रांना डिसेंबर २०१५ मध्ये गंधक धुण्याची यंत्रे बसवण्याचा हुकूम झाला, मुदत पुन्हा पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. मोठ्यांना दहा वर्षे विचार करायला मिळतात, लहानाला नोटिशीचे उत्तर देण्यासाठी काही दिवस. ही नाइन्साफी आहे, आणि ती बोलून दाखवणे आपला हक्क आहे. पण 'आम्हालाही पेटकोक जाळू द्या' हा तिच्यावरचा इलाज नव्हे. का, ते पुढच्या हिशोबात पाहा.

आमच्या बॉयलरचा हिशोब

सायझिंगच्या बॉयलरमध्ये फक्त आग आणि पाणी असते, चुना नसतो. त्यामुळे इंधनातील जवळजवळ सर्व गंधक सरळ धुराड्यातून बाहेर जाते. तासाला १०० किलो पेटकोक जाळला तर सहा टक्क्यांच्या हिशोबाने सहा किलो गंधक, म्हणजे बारा किलो सल्फर डायऑक्साइड. दहा तासांच्या पाळीत १२० किलो. तेवढ्याच उष्णतेसाठी देशी कोळसा २०० किलो लागेल, पण त्यातून तासाला दोनच किलो वायू निघेल. फरक सहापट.

धुराड्याच्या उंचीचेही एक सूत्र प्रदूषण मंडळ वापरते. तासाला निघणारा सल्फर डायऑक्साइड किलोत घेऊन त्याचा ०.३ घात काढावा आणि १४ ने गुणावे, म्हणजे उंची मीटरमध्ये येते. दोन किलोला ती सुमारे १७ मीटर येते, आणि बारा किलोला साडेएकोणतीस मीटर, म्हणजे जवळपास दहा मजले. आपल्या गल्लीतील धुराडे एवढे उंच असते काय? नसते. मग तो वायू कोठे उतरतो? शेजारच्या चाळीत, मागच्या शाळेत, आपल्याच कारागिराच्या घरात. सिमेंटची चिमणी गावाबाहेर आणि उंच असते. आमची वस्तीच्या पोटात असते. किलोने आमचा धूर थोडा असेल, पण तो फुप्फुसाच्या फार जवळचा आहे.

स्वस्त पडते म्हणून काही ठिकाणी प्लास्टिकचा कचरा आणि रबराचे तुकडे बॉयलरमध्ये टाकले जातात. त्यातून निघणारा धूर तर गंधकाहूनही भयंकर असतो. याची वकालत कोणीच करू नये.

आपण काय करावे?

कोळसा घेताना वजन आणि भाव पाहतो तसा गंधकाचा आकडाही पाहावा. प्रयोगशाळेची चिठ्ठी व्यापाऱ्याकडून मागून घ्यावी आणि फाइलला लावावी. संमतीपत्रात जे इंधन लिहिले आहे तेच वापरावे. इंधन बदलायचे असेल तर आधी मंडळाकडून दुरुस्ती करून घ्यावी. बगॅस, भाताचे तूस, लाकडी भुशाच्या कांड्या यांत गंधक फारच कमी असते. मात्र त्यांची राख आणि धूळ आवरावी लागते, आणि बॉयलर त्या इंधनासाठी योग्य आहे का हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

ओला स्क्रबर बसवलेला असेल तर त्यात निव्वळ पाणी फिरवून उपयोग नाही. पाणी थोड्याच वेळात आम्ल होते आणि मग गंधक पकडत नाही, उलट पत्रा खाते. त्यात चुना किंवा कॉस्टिक घालावे लागते. डाइंगवाल्यांकडे पीएच कागद असतोच, त्याने दिवसातून दोन-तीनदा पाणी तपासावे. टाकीतला गाळ गटारात सोडू नये.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे इंधनच कमी जाळणे. वाफेच्या नळ्यांवरचे आवरण दुरुस्त ठेवावे. सिलिंडरमधून निघणारे गरम पाणी वाया न घालवता परत बॉयलरला द्यावे. गळके स्टीम ट्रॅप बदलावेत. जो कोळसा जळलाच नाही त्याचा धूरही निघत नाही आणि पैसाही लागत नाही.

आणि जेथे वीस-पंचवीस लहान बॉयलर एकाच मोहल्ल्यात आहेत तेथे एका मोठ्या, चांगल्या बॉयलरमधून सर्वांना नळीने वाफ घेता येईल का याचा विचार व्हावा. सूरतजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत अशी सामाईक वाफ कारखान्यांना मिळते. एका ठिकाणी स्क्रबर बसवणे आणि सांभाळणे शक्य आहे, पंचवीस ठिकाणी नाही.

या बाबतीत फिरोजाबादच्या काच आणि बांगडीच्या धंद्याकडे पाहावे, ज्यात आपले हजारो बांधव आहेत. ताजमहालचा संगमरवर वाचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी ताजच्या परिसरातील २९२ कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू घेण्याचा, नाहीतर स्थलांतर करण्याचा हुकूम दिला. फिरोजाबाद याच परिसरात येते. कोळशावर चालणाऱ्या काचेच्या भट्ट्या तेथे वायूवर गेल्या. बदल सोपा नव्हता, लहानांना तर फार जड गेला. पण तेथे हुकुमाबरोबर वायूची पाइपलाइनही आली, आणि टेरी या संस्थेने लहान भट्टीसाठी वायूवर चालणारा नवा नमुनाही तयार करून दिला. आपल्या संघटनांनी नेमके हेच मागावे : बंदी घालता तर पाइपलाइन द्या, मुदत द्या, कर्ज द्या, नमुना द्या. ही मागणी कोणत्याही दालनात मान वर करून करता येते. पेटकोकची मागणी तशी करता येत नाही.

दुसरी मागणी मोठ्यांच्या हिशोबाची. सिमेंटसह सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना चिमणीवर सतत मोजणारी यंत्रे बसवून आकडे मंडळाला पाठवण्याचे आदेश २०१४ साली निघाले. हे आकडे चंद्रपूरच्या सामान्य माणसाला त्याच्या भाषेत, चक्की चालू असतानाचे आणि बंद असतानाचे वेगवेगळे, गावच्या फलकावर दिसले पाहिजेत. लहानाच्या धुराड्याकडे बोट दाखवणाऱ्या यंत्रणेने मोठ्याची वहीही उघडी ठेवावी.

शेवटी तिजारतीच्या उसुलाची एक गोष्ट. शेजाऱ्याचे नुकसान करून आपला फायदा करू नये हे आपल्या दीनची शिकवण आहे, आणि आपल्या फकीहांनी ती भट्टी आणि धुरापर्यंत नेली होती. उस्मानी सल्तनतीने एकोणिसाव्या शतकात 'मजल्ला' ही दिवाणी कायद्याची संहिता तयार केली. तिच्यातही शेजारच्या कारखान्याच्या धुराने घरात राहणे अशक्य झाले तर तो त्रास दूर करावा असे कलम आहे. म्हणजे प्रदूषण मंडळाचा इन्स्पेक्टर आपल्या दारी येण्याच्या फार आधीपासून हा नियम आपल्या घरात आहे. कमाई हलाल असावी यासाठी आपण मापात खोट ठेवत नाही आणि सुतात भेसळ करत नाही. धुराड्याचा हिशोबही त्याच वहीत धरला पाहिजे.